वस्तू क्रमांक एक

१७ डिसेंबर २००६, रविवार

आजपासून मी वस्तू!

वय अडुसष्ट. चौतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर. या सोसायटीचा माजी खजिनदार. आणि सूनबाईंच्या प्रबंधात माझी नोंद काय, तर 'वस्तू क्रमांक एक'. विचारलं, वस्तू क्रमांक दोन कोण? "अजून कोणी नाही, बाबा. तुम्ही एकटेच." चला, निदान स्पर्धा नाही.

विनया इथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि पाच वर्षं पीएच.डी. करते आहे. यंत्र तिनं स्वतः बांधलंय. केबलवाल्या अल्पेशकडून दोन जुन्या डिश आणल्या, ताटल्या काढून टाकल्या आणि पुढचे डोळे तेवढे ठेवले. अल्पेश म्हणे, "मॅडम, ताटलीशिवाय पिक्चर नाही येणार हां." ताटल्यांवर आमच्या हिनं, यमुनेनं, तिथल्या तिथे हक्क सांगितला. एकीत आवळ्याच्या फोडी वाळताहेत, दुसरीत मिरच्या.

ते दोन डोळे ए विंगच्या गच्चीवर, एकमेकांपासून मीटरभर लांब, बावीस मीटरवरच्या आमच्या बी विंगकडे तोंड करून. आमची गच्ची एक मजला उंच. म्हणून तिकडून बघितलं की मी आणि माझ्यामागे नुसतं आकाश. खडूच्या दोन रेघा, मधे पंधरा मीटर. मी कठड्याच्या कडेनं चालायचं, कारखान्यानं निरोपाला दिलेलं स्टॉपवॉच हातात धरायचं आणि किती सेकंद लागले ते विनयाच्या वहीत मांडायचं. तिकडे यंत्र आपल्या पद्धतीनं माझा वेग काढणार. दोन्ही जुळले, की यंत्र खरं.

म्हटलं, ते माझ्या अंगावर सोडतं काय? "काही सोडत नाही, बाबा. प्रत्येक उबदार वस्तूतून थोड्या मायक्रोवेव्ह लहरी आपोआप निघत असतात. माणसातूनसुद्धा. हे फक्त त्या झेलतं." मी चाललो की त्या लहरी एका डोळ्याला आधी पोचतात, दुसऱ्याला किंचित नंतर. कधी दोघांचं जमतं, कधी बिनसतं, म्हणून लॅपटॉपवरची रेघ वरखाली होते. मी अर्धा मीटर सरकलो की एक लाट. लाटा भराभर आल्या तर म्हातारा भराभर चालतोय.

आज पहिली फेरी. पंधरा मीटर, बरोब्बर पंधरा सेकंद! यंत्रही तेच म्हणालं. विनयानं तिकडून दोन्ही हात वर केले. तक्रार एकच, पोटामुळे लाटा जरा पुसट येतात म्हणे. वस्तू सडपातळ असली की लाट ठसठशीत उमटते. हे ऐकून यमुना स्वैपाकघरात जी हसत सुटली ती भात लागेपर्यंत!

२० डिसेंबर, बुधवार

सोसायटीची तातडीची मीटिंग. विषय: 'गच्चीवरील किरण'. सेक्रेटरींनी असा काही चेहरा केला होता की जणू माणिकपुरात अणुभट्टी आली.

चौथ्या मजल्यावरच्या मटिल्डाबाई म्हणाल्या, "मी वर कपडे वाळत घालते. त्यांना काय होनार तर नाही ना?" तळमजल्यावरच्या एकानं विचारलं, मायक्रोवेव्ह आहे तर पापड भाजून मिळतील का? मग मी उठलो. म्हटलं, अहो, किरण त्या यंत्रातून निघत नाहीत, तुमच्यातून निघतात! ते बिचारं नुसतं ऐकतं. एवढं म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे संशयानं बघायला लागले.

अखेर ठराव झाला. रोज सकाळी पावणेसात ते सव्वासात, पंधरा फेब्रुवारीपर्यंत. ती विनयाची शेवटची तारीख आहे. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली, तिसरी मिळायची नाही.

२५ डिसेंबर, सोमवार

मटिल्डाबाईंकडून नाताळचं ताट. नेवऱ्या तीन खाल्ल्या. वस्तूचा घेर वाढला असणार.

२९ डिसेंबर, शुक्रवार

सूर्य वर आला की आमचा खेळ संपतो. त्याच्यापुढे माझी ऊब कोण ऐकतो! ढग आले तरी पंचाईत, मागचं आकाशच उबदार होतं आणि मी त्यात विरघळून जातो. म्हणून कोरड्या थंडीचे हेच दिवस. यमुना भाजीवाल्याकडे बघते, तशी विनया रोज संध्याकाळी आकाशाकडे बघते.

सलग बारा दिवस पंधरा सेकंद. कमीत कमी साडेचौदा. विनया गाईड सरांना फोनवर सांगत होती, "सर, माझे सासरे म्हणजे घड्याळ आहेत." मी शेजारच्या खोलीत होतो. ऐकलं नाही असं दाखवलं. मग दोनदा पाणी प्यायला त्या खोलीत गेलो.

३ जानेवारी २००७, बुधवार

आज काहीतरी झालं.

तिसऱ्या फेरीला मधेच छातीवर कोणी तळवा दाबून धरावा तसं वाटलं. दुखलं असं नाही. दाबलं. पाय आपोआप मंद झाले. दुसऱ्या रेघेवर पोचून घड्याळ बघितलं, सतरा.

वही उघडली. पेन टेकवलं. आणि पंधरा लिहिलं.

मी! ज्यानं तीन मिनिटं उशीर झाला म्हणून सख्ख्या मेहुण्याचा अर्धा दिवस मांडला होता! यमुना तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती, अजूनही पुरणपोळीच्या दिवशी तो विषय काढते. चौतीस वर्षांत मस्टरमध्ये एक आकडा खोटा नाही. आणि आज घरच्या वहीत, तेही कोणी मागितलं नसताना.

कडाक्याची थंडी आहे, एवढंच. उद्या सुधारेल. तोवर खरा आकडा कुठेतरी असावा म्हणून इथे मांडतो. वहीत १५. इथे १७.

५ जानेवारी, शुक्रवार

सुधारलं नाही. वहीत १५. इथे १७.

८ जानेवारी, सोमवार

यमुना म्हणाली, "हल्ली जिना चढताना तुम्ही बोलत नाही."

म्हटलं, मग बरंच आहे की तुला.

"बरं आहे हो. पण एरवी दुसऱ्या मजल्यापर्यंत तुमचं तोंड मिटत नाही. डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

गॅस आहे म्हणालो. ओवा दिला तिनं. गप्प खाल्ला. तिनं आणखी काही विचारलं नाही, हेच नवल. एरवी ही बाई सुतावरून उलटतपासणी करते.

डॉक्टरकडे गेलो की काय होणार ते मला ठाऊक आहे. तो म्हणणार, चालू नका. मी चाललो नाही की विनयाची मोजणी थांबली. संग्राम, आमचे चिरंजीव, पहाटे सहाला कामावर जातात ते रात्री उगवतात. यमुनेच्या गुडघ्यांना गच्ची मानवत नाही, दोन वर्षांत वर पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे वस्तू एकच आणि ती मी. पंधरा फेब्रुवारीपर्यंत ढकलायचं. मग खुशाल तपासा, कापा, शिवा!

वहीत १५. इथे १८.

१० जानेवारी, बुधवार

मटिल्डाबाईंनी आजपासून गच्चीवर चादरींचा धडाका लावलाय. मी जिथे चालतो त्याच्या मागे दोरीवर चार लांबच्या लांब चादरी. एकट्या बाईला चार चादरी लागतात कशाला? निळ्या काठाची एक तर आमच्याकडे आहे तशीच. वसईच्या बाजारात एकाच गठ्ठ्यातून निघाल्या असतील.

विनयाला ओरडून विचारलं, पडदा मधे येतोय का? ती म्हणाली, "तुमच्या मागे आहेत ना, मग चालेल. आणि कोरडं कापड यंत्राला दिसतच नाही, बाबा. ऊब त्यातून आरपार येते."

वहीत १५. इथे १८.

१२ जानेवारी, शुक्रवार

घोटाळा! यंत्राचं आणि माझ्या वहीचं जमेनासं झालंय. मी वहीत सेकंदाला एक मीटर चालतो, यंत्र म्हणतं, पाऊण मीटरच्या थोडं वर. विनयाचा चेहरा उतरला. तिला वाटतंय, दोन्ही डोळे एका तालात चालायला हवेत तो ताल सुटतोय.

मी म्हटलं, नवीन यंत्र आहे, सवय होईल. असं यंत्राबद्दल बोलतात का?

वहीत १५. इथे १९.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. गच्चीवर पतंगवाली पोरं, मोजणी बंद. विनयानं तिळगूळ दिला. "गोड बोला बाबा." गोडच बोलतोय बाई, तेच तर चुकतंय.

१६ जानेवारी, मंगळवार

गच्चीच्या उत्तरेच्या टोकाला प्लॅस्टिकची खुर्ची आली आहे. रेघेच्या चार पावलं पलीकडे, टाकीच्या सावलीत. मटिल्डाबाईंचीच असणार, कपडे वाळत घालताना टेकायला. फेरी संपली की मी तिच्यावर बसतो आणि खाडीकडे बघतो आहे असं दाखवतो. खाडी तिथून दिसत नाही. पूर्वी उमेळ्याच्या बाजूला वाड्या दिसायच्या, आता नव्या बिल्डिंगा दिसतात. त्याही बघायला पाच मिनिटं पुरतात.

देव तिचं भलं करो. बाईंना एकदा धन्यवाद द्यायला हवेत, पण मग विचारतील, तुम्हाला बसायला का लागतं?

वहीत १५. इथे १९.

१८ जानेवारी, गुरुवार

विनयानं कॉलेजातून रजा काढून सगळं यंत्र उघडलंय. जेवणाच्या टेबलावर तारा, डाळीच्या वाटीत स्क्रू. यमुनेनं एक शब्द काढला नाही. मी पेपर टेबलावर ठेवला तर ओरडते, पण सुनेचा स्क्रू आमटीत गेला तर म्हणेल, लोह मिळतं.

आता आणखी एक नवं निघालंय. विनया सांगत होती, "बाबा, तुमच्या लाटेमागे एक बारीकशी दुसरी लाट येते. तुम्ही सुरू झालात की ती सुरू. तुम्ही थांबलात की तीही दोन डुलक्या मारून थांबते." टाकीवरून माझीच ऊब परत फिरत असेल, असा तिचा अंदाज. मी म्हटलं, मटिल्डाबाई असतील चादरींमागे. पण त्या त्या वेळेला चर्चला असतात, मिस्सा चुकवत नाहीत.

यमुना म्हणाली, "मांजर असेल." आणि दूध आणायला गेली. हल्ली दूध आणायला हिला तासभर लागतो. डेअरीवाल्याच्या घरची सगळी लग्नं हीच जमवून येणार.

वहीत १५. इथे २०.

२१ जानेवारी, रविवार

आज विनयानं संग्रामला उठवून वर आणलं. डोळे चोळत चालला तो. वहीत चौदा, यंत्रातही चौदा. अगदी चोख! ती मागची लाटही नाही.

मला वाटलं, आता सापडलो. मुलगा चालला तर यंत्र बरोबर आणि बाप चालला तर चूक, यातून काय कळायचं ते कोणालाही कळेल.

विनया विचार करत बसली. मग चुटकी वाजवली, "रविवार! रविवारी इकडचे सगळे कारखाने बंद असतात. म्हणून व्होल्टेज नीट आहे!"

आणि संध्याकाळी जाऊन स्टॅबिलायझर घेऊन आली. एवढं मोठं धूड, चार जिने स्वतः उचलून ए विंगच्या गच्चीवर नेलं. मी खालून बघत होतो. मदतीला जायला पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. लाज वाटली.

२४ जानेवारी, बुधवार

स्टॅबिलायझरनं काही झालं नाही. कसं होणार?

वहीत १५. इथे २१.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन. सेक्रेटरींनी भाषणात 'आपल्या गच्चीवरून विज्ञानाची झेप' असं म्हटलं. महिन्यापूर्वी हेच गृहस्थ किरणांनी टक्कल पडतं का विचारत होते. विनया कसनुसं हसली. डोळ्यांखाली काळं आलंय पोरीच्या.

भाषणाआधीच्या मोजणीला मधेच थांबावं लागलं. चपलेचा अंगठा तुटला असं दाखवून वाकलो. वाकल्यावर जास्तच दाबलं. मागे चादर हलली, वारा नव्हता. बहुतेक डोळ्यांपुढे अंधारी आली असावी.

चादर धरूनच सरळ झालो. ठणठणीत कोरडी. सकाळी सातला वाळत घातलेली चादर कोरडी? रात्रभर ठेवत असतील बाहेर.

वहीत १५. इथे २३. आता लिहितानाही अक्षर तिरकं येतंय.

३० जानेवारी, मंगळवार

गाईड सर मुंबईहून आले. सहा फूट उंच, आवाज अगदी हळू. यमुनेनं त्यांना घावन वाढले, ते निमूटपणे सहा खाल्ले. मग विनयाचे सगळे ग्राफ पसरून बसले.

त्यांचं म्हणणं मला कळलं तेवढं असं. ताल सुटला असता तर मी एका दिशेनं जाताना वेग कमी दिसला असता आणि परत येताना जास्त. पण इथे जातानाही कमी, येतानाही कमी. तेवढाच कमी. "यंत्र असं ठरवून चुकत नाही, विनया. वस्तूच्या नोंदी तपासल्यास का?"

विनया म्हणाली, "सर, ते शक्य नाही. बाबा टाइमकीपर होते. सगळं चुकेल, बाबांचा आकडा चुकणार नाही."

मी तिथेच खुर्चीत होतो. चहाचा कप हातात. सर माझ्याकडे बघून अदबीनं हसले. आणि मीही हसलो! या तोंडानं हसलो.

१ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. वहीत १५. इथे २३.

३ फेब्रुवारी, शनिवार

विनयाच्या टेबलावर चष्मा शोधत होतो. पत्र पडलं होतं. कुलसचिवांना. 'मोजणीतील विसंगतीचे कारण सापडत नसल्याने प्रबंध मागे घेण्याची परवानगी मिळावी.' खाली सही झालेली. तारीख सोमवारची.

पाच वर्षं! कॉलेज, घर, आमची दुखणीखुपणी, संग्रामच्या बदलीचं वर्ष, सगळं सांभाळून केलेली पाच वर्षं. आणि कारण काय, तर सासऱ्याला सांगवत नाही की तो म्हातारा झालाय.

आधी म्हणत होतो, तिच्यासाठी लपवतोय. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज लिहून टाकतो. मला ते 'घड्याळ आहेत' फार आवडलं होतं. कारखाना सुटल्यापासून दहा वर्षांत माझ्या आकड्याची कोणाला गरज पडली नव्हती. ती पडली आणि मी तोच खोटा दिला.

कारखान्यात नियम होता. चुकीचा आकडा खोडायचा नाही, खरवडायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर लाल शाईनं खरा आकडा लिहायचा, बाजूला सही आणि तारीख. म्हणजे चूकही दिसली पाहिजे आणि कोणी केली तेही.

लाल पेन सापडलं.

४ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर तिची वही आणि ही रोजनिशी शेजारी शेजारी ठेवली. तीन जानेवारीपासून एकेक ओळ उतरवली. १५ वर रेघ, वर १७. १५ वर रेघ, वर १८. १९. २०. २३. शेजारी सही, ब. वि. राऊळ. पानं लालेलाल झाली.

विनयाकडे नेऊन दिली. म्हटलं, यंत्र बरोबर आहे. वस्तू चुकली.

ती एकेक पान उलटत गेली. मग लॅपटॉप उघडला, बोटं भराभर. मी उभाच. स्क्रीनवर दोन ओळी आल्या, एक माझ्या लाल आकड्यांची, एक यंत्राची. एकीवर दुसरी बसली होती. कुठे केसाएवढा फरक.

"बाबा, बरोबर आहे! पहिल्या दिवसापासून बरोबर होतं!" ओरडलीच ती. टाळी वाजवली. आणि टाळी अर्ध्यावर थांबली. पुन्हा त्या ओळीकडे बघितलं. ती ओळ खाली खाली जात होती.

"बाबा, एका महिन्यात इतका वेग कमी झाला? का?"

सांगितलं. तळवा दाबल्यासारखं, जिना, चपलेचा अंगठा, सगळं.

ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडली. पदवीसाठी महिनाभर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं पोरीनं, ते आज माझ्यासाठी. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "चपला घाला."

यमुना बाहेर आली ती पर्स खांद्याला लावूनच. माझे जुने रिपोर्ट, चष्मा, पाण्याची बाटली, सगळं पर्समध्ये तयार. म्हटलं, तुला कसं कळलं निघायचंय ते? "भिंती पातळ आहेत," म्हणाली.

११ फेब्रुवारी, रविवार

घरी आलो. आधी इथे तपासण्या, मग मुंबईच्या इस्पितळात चार दिवस. हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या, एक नव्वद टक्के. मनगटातून तार घालून उघडल्या, आत बारीक जाळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस असे चालला असतात तर चालत आला नसतात. तरुण आहे, बोलायची पद्धत नाही. पण खरं बोलला.

तो विनयाला विचारत होता, लक्षणं कधीपासून? ती म्हणाली, "तीन जानेवारी, सकाळी सहा पन्नास." त्यानं पेन खाली ठेवलं.

जिना संग्रामच्या खांद्यावर हात ठेवून चढलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत बोलत होतो. यमुनेनं ऐकून घेतलं, एकदाही गप्प बसा म्हणाली नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दिला! प्रबंध दिला! दोन दिवस झोपली नाही, पण मुदतीत दिला.

जायच्या आधी मला बाइंड केलेली प्रत दाखवली. आता पाचवं प्रकरण निराळं आहे. आधी 'स्थिर वेगाची वस्तू' होतं. आता वेग हळूहळू कमी होत जाणारी वस्तू, आणि बावीस मीटरवरून, अंगाला हात न लावता, यंत्रानं ते घरच्यांच्या महिनाभर आधी कसं ओळखलं. सर म्हणाले म्हणे, हेच खरं प्रकरण. माझी लाल पानं जशीच्या तशी छापली आहेत, सहीसकट. आता माझी लबाडी विद्यापीठाच्या कपाटात कायमची!

एका प्रश्नाचं उत्तर मात्र शेवटपर्यंत मिळालं नाही. विनयानं प्रामाणिकपणे एक ओळ लिहिली आहे, 'वस्तूच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या क्षीण लाटेचा उगम समजलेला नाही.' टाकीवरून नाही, तपासलं तिनं. मी म्हटलं, मांजर असेल. यमुना विस्तवावरचं दूध बघायला उठली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

मटिल्डाबाई आल्या. हातात चार चादरी, नीट घडी घातलेल्या. यमुनेला म्हणाल्या, "ह्या तुझ्या. खुर्ची पन आनते संध्याकाळी." निळ्या काठाची सगळ्यात वर होती.

त्या गेल्यावर मी ती चादर उलगडून बघितली, आमचीच. मग यमुनाच म्हणाली, "पोरीची पंधरा तारीख होऊ दे म्हटलं. तुम्ही काही ऐकणार नव्हतात. पडलात तर धरायला मागे कोणीतरी हवं."

विचारलं, आणि गुडघे?

"दुखायचे."

मग सांगितलं का नाहीस?

"तुम्ही सांगितलंत?"

विनयाच्या त्या ओळीखाली लाल शाईनं लिहायला हवं. वस्तू क्रमांक दोन, यमुना. वेग माझ्याइतकाच.